बाहुला बोलतो, पण तोंड कुणाचं?

संपादक साहेब, नमस्कार.

जेफ डनहॅम हा अमेरिकन शब्दभ्रमकार, म्हणजे स्वतःचे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा कलाकार, त्याच्या बाहुल्यांवरून परवा आमच्या घरात चांगलंच वाजलं, म्हणून हे पत्र. निम्मं घर म्हणतं, अहो बाहुलाच तो, त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं, आणि निम्मं म्हणतं असल्या माणसाला स्टेजच देऊ नये. मला दोन्ही पटत नाही.

अर्धवटरावाला बघत आपण मोठे झालो, त्यामुळे बाहुला आगाऊ बोलणार, धन्यालाच टाकून बोलणार हे आपल्याला नवीन नाही, खरी मजा तीच असते. डनहॅमचा वॉल्टर बघून मी पोट धरून हसलोय. हाताची घडी, खाली ओढलेले ओठ आणि अख्ख्या जगावर वैतागलेला म्हातारा, पण तो वैताग त्याचा स्वतःचा आहे, असा माणूस प्रत्येकाच्या नात्यात एक तरी सापडतो. त्याच्या होसे या दुसऱ्या बाहुल्याचं तसं नाही. काडीवर टोचलेली मिरची, डोक्यावर मेक्सिकन टोपी, आणि हसायचं कशाला तर त्याच्या उच्चारांना. तिथं माझं हसू थांबलं. माझी सून लग्नानंतर मराठी शिकली, तिचा ळ आणि ण ऐकून सगळे हसायचे तेव्हा ती मान खाली घालून ताटात बघत बसायची, तेच डोळ्यासमोर आलं.

त्याचाच अख्मेद नावाचा सांगाड्याचा बाहुला 2007 च्या कार्यक्रमानंतर जगभर पोचला, आत्मघाती हल्ला फसलेला अतिरेकी, डोळे गरागरा फिरवणारा. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याच्या रिंगटोनच्या जाहिरातीवर तक्रार झाली आणि जाहिरात बंद पडली. डनहॅमचं म्हणणं, अख्मेद स्वतःच कार्यक्रमात सांगतो की मी मुसलमान नाही. म्हणजे साक्ष द्यायलाही बाहुलाच पुढे!

हीच गोष्ट मला खटकते. बाहुला काहीतरी भलतं बोलतो, मग माणूस दचकल्यासारखं करतो, अरे असं बोलू नये म्हणतो, आणि पब्लिक मोकळं होऊन हसतं. पण ती झापणारी वाक्यंसुद्धा त्याच माणसाने बसवलेली असतात ना! प, ब, म हे ओठ मिटल्याशिवाय न येणारे वर्ण, ते ओठ न हलवता जिभेने भागवायला ही माणसं वर्षानुवर्षं घासतात, एवढ्या मेहनतीने काढलेलं वाक्य चुकून तोंडातून निघालं असं कसं म्हणायचं?

आणि बाहुल्याला माफी हे आजचं नाही. 1937 मध्ये अमेरिकेत एडगर बर्गनच्या रेडिओ कार्यक्रमात मे वेस्ट ही नटी आली, त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थीशी तिचं चावट बोलणं झालं, आदम आणि ईव्हचं एक नाटुकलंही झालं, लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. पुढे कित्येक वर्षं रेडिओपासून लांब राहिली ती बाई, चार्ली आणि त्याचा धनी मात्र चालूच राहिले.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण ज्याला लागलं त्याला बाहुलाच तो म्हणून गप्प करू नका, आणि तुमच्याकडे अशा शोवर लिहिणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून नुसतं ऐकावं आणि मग लिहावं. मी ऐकून बघितलं. वॉल्टरला तेवढंच हसलो. होसेच्या वेळी नुसता एक माणूस दुसऱ्यांच्या बोलण्याची नक्कल करताना ऐकू आला.

आपला,
एक नेहमीचा वाचक