पॅडलबोर्ड धरणात उतरवण्याआधी

मा. संपादक,

नॉर्वेच्या फियॉर्डमधले, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांमधले, उभ्याने वल्हवायचे व्हिडिओ पाहून हतनूर, गिरणेच्या जलाशयात पॅडलबोर्ड, म्हणजे हवा भरून वापरायच्या वल्हवण्याच्या फळ्या, उतरवायचे बेत होताहेत. पाटबंधारे खात्याची परवानगी असेल तर जरूर उतरवा, पण तिथलं सगळं इथे चालत नाही. फियॉर्डच्या थंड पाण्यात बोर्डातला दाब उतरतो, आपल्याकडे उलट. १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाने भरलेला बोर्ड मे महिन्यात काठावर उन्हात पडला, तर आतली हवा प्रसरण पावून जोड सुटू शकतो. सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

वारा काठाकडून आत वाहत असेल तर जाऊच नका. परतताना उभ्या माणसाचं अंगच शिडासारखं वारा धरतं. अशा वेळी गुडघ्यांवर बसून वल्हवावं. बोर्ड आपल्याशी बांधून ठेवणारी दोरी वाहत्या पाण्यात घोट्याला बांधू नये, झाडाझुडपात अडकली तर वाकून सोडवता येत नाही. कमरेला, झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्यालाच हवी. आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, फोटोपुरतं बोर्डावर नको!

— काही जलक्रीडाप्रेमी, भुसावळ