मुष्टियोद्ध्यांचे वस्ताद कुठे आहेत?

संपादक महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेतून आपल्या मुलींनी चार पदके आणली. त्यांतल्या जास्मिन लांबोरिया, नूपुर श्योराण आणि पूजा राणी या तिघी हरियाणातल्या एकट्या भिवानीच्या. नूपुरच्या आजोबांचे नाव बातम्यांत ओझरते आले आणि विसरले गेले. हे आजोबा म्हणजे कॅप्टन हवा सिंग. भिवानीत पदके का पिकतात, हे समजायचे असेल तर या माणसाने ग्लोव्ह्ज उतरवल्यानंतर काय केले ते पाहावे लागते.

१९५६ मध्ये ते लष्करात भरती झाले आणि मुष्टियुद्ध तिथेच शिकले. हेवीवेट गटात सलग ११ वेळा राष्ट्रीय विजेते, १९६६ आणि १९७० अशा दोन्ही वेळच्या बँकॉक आशियाई स्पर्धांत सुवर्ण, अर्जुन पुरस्कार. एवढ्या शिदोरीवर एखादा जन्मभर सत्काराच्या शाली गोळा करत बसला असता. हवा सिंग भिवानीला परतले आणि आसपासच्या खेड्यांतल्या पोरांना शिकवू लागले. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या तिथल्या केंद्रात त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले. सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत नोकरी मिळेल एवढ्याच आशेने येणारी ही शेतकऱ्यांची मुले. हळूहळू गावाला रिंगची सवय लागली. त्यांच्यामागून जगदीश सिंग यांनी भिवानी बॉक्सिंग क्लब उभा केला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेलेल्या पाच भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी चौघे भिवानीचे होते आणि विजेंदर सिंगने देशाला मुष्टियुद्धातले पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. ते पाहायला हवा सिंग नव्हते. १४ ऑगस्ट २००० रोजी ते गेले. जाहीर झालेला द्रोणाचार्य पुरस्कार पंधरवड्याने त्यांच्या पत्नीने स्वीकारला. आज त्यांच्या नावाच्या अकादमीत मुलगा संजय शिकवतो. पूजा आणि नूपुर तिथेच तयार झाल्या.

महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. लंगोट खुंटीला लागला म्हणून पहिलवान संपत नाही, तो वस्ताद होतो, ही तर आपलीच रीत. गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, १९६२ मध्ये जकार्ताहून आशियाई सुवर्ण घेऊन आले आणि पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी पोरे घडवली. पुण्यात कुस्तीगीर काका पवार तेच करत आहेत. कोणाची मेहनत कमी पडते, कोणाचा खुराक अंगी लागत नाही, हे वस्तादाला हौद्याच्या कडेला उभे राहून कळते. यासाठी त्यांच्याकडे कोणी पदविका मागितली नव्हती.

मुष्टियुद्धात मात्र आपण ही साखळी जोडलीच नाही. गुणवत्ता नाही, असे म्हणायची सोय नाही. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे सरकारी क्रीडा प्रशिक्षण केंद्रातून, चांगले मुष्टियोद्धे निघाले आहेत. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकले. पण खेळ थांबला की आपला विजेता जातो कुठे? नशीब चांगले असेल तर सरकारी नोकरीत. विजेत्यांना सरकारी नोकरीत थेट नियुक्ती देण्याचे धोरण चांगलेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिशीच्या आसपास ज्याचा खेळ आटोपतो आणि ज्याच्या घरी बहुधा कोरडवाहू शेती असते, त्याला पगार हवाच. तक्रार पुढची आहे. पोलिसात गेला तर तो बंदोबस्ताला उभा राहतो, महसुलात गेला तर फायलींवर सह्या करतो. रिंगमध्ये कमावलेली अक्कल तिथे कोणालाच लागत नाही. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात मुलांना शिकवणारा मात्र तुटपुंज्या मानधनावर, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही या विवंचनेत.

ही अक्कल म्हणजे काय, हे स्पर्धेला गेल्याशिवाय कळत नाही. मी शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि मुलींना घेऊन जिल्हा-विभाग पातळीवर बरीच फिरले. आदल्या रात्री वजन उतरवायचे म्हणून मुली पाणी पीत नाहीत, दुहेरी कपडे घालून पळतात, सकाळी काट्यावर पास होतात आणि दुपारी पहिल्याच फेरीत पाय लटपटतात. हे करू नको, असे मी सांगत असे. पण ते कसे टाळायचे, कोणत्या आठवड्यापासून जेवण कसे बदलायचे, हे स्वतः वजनगटात खेळलेलीच सांगू शकते. दोन फेऱ्यांमधला तो एक मिनिट घ्या. आमच्यासारखे शिक्षक आणि पालक ‘मार, मार, सोडू नको’ म्हणून ओरडत असतात. एकदा सेनादलातले एक निवृत्त मुष्टियोद्धे सहज सामने पाहायला आले होते. त्यांनी आमच्या मुलीला एवढेच सांगितले, ‘ठोसा मारून झाला की तुझा डावा हात खाली पडतोय, तो गालाशी आण.’ पुढच्या फेरीत तिला निम्मे ठोसे बसले. ती हरलीच, पण चेहरा शाबूत घेऊन परतली.

अशी माणसे आपण कशी वापरतो? पंजाबचे कौर सिंग १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचे विजेते. १९८० मध्ये ते दिल्लीत साक्षात मुहम्मद अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत उभे राहिले होते. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकनंतर खेळ सोडून ते गावी शेती करू लागले. २०१७ मध्ये हृदयाच्या उपचारासाठी त्यांना खासगी कर्ज काढावे लागले, ती बातमी झाली, मग लष्कर आणि क्रीडा मंत्रालय मदतीला धावले. मदत बातमीला मिळाली, असेच म्हणावे लागेल. २०२३ मध्ये ते वारले. मणिपूरच्या डिंको सिंगने १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि ते पाहून मेरी कोमने ग्लोव्ह्ज घातले. डिंको पुढे इंफाळमध्ये प्रशिक्षक झाला. यकृताच्या कर्करोगाने २०२१ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी तो गेला. निदान त्याला शिकवायला रिंग तरी मिळाली होती.

केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत माजी विजेत्यांना जिल्हा पातळीवर केंद्र चालवण्यासाठी सुरुवातीला पाच लाख आणि नंतर दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे. दिशा बरोबर आहे. राज्याने त्याला जोड द्यावी. थेट नियुक्ती मिळालेल्या मुष्टियोद्ध्यांना मूळ खात्याच्या पगारावर काही वर्षे क्रीडा प्रबोधिनीत पाठवावे आणि तो काळ पदोन्नतीत धरावा, नाहीतर कोणी जाणार नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) प्रशिक्षक पदविका जरूर मागावी, पण नेमणूक झाल्यावर आणि सरकारी खर्चाने. आधी पदविका, मग दार, असे केले तर खेड्यातला माजी विजेता फाटकाबाहेरच राहतो.

प्रत्येक विजेत्याला शिकवता येतेच असे नाही, हे खरे. काहींना मुलांवर खेकसण्यापलीकडे काही जमत नाही. असे असेल तर एका हंगामात समजते, त्यांना खुशाल मूळ खात्यात परत पाठवावे.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. गेल्या वीस वर्षांतले मुष्टियुद्धाचे राज्य विजेते आज कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कामावर आहेत, याची यादी आपल्या जिल्हा वार्ताहरांकडून करून घ्यावी आणि छापावी. क्रीडा संचालनालयाकडे अशी यादी असेल तर त्यांनीच ती आपल्याकडे पाठवावी.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, अकोला