खिशातील बॅटरीचा झोत पायापुढे पडावा, दुसऱ्याच्या डोळ्यांवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हरभऱ्याची पेरणी उरकत आली आणि रात्रीच्या ओलिताचे दिवस लागले, की आमच्या समुद्रपूर-हिंगणघाट पट्ट्यातील घरोघरी बॅटरीची विचारपूस सुरू होते. गेल्या काही वर्षांत या बॅटरीचे रूप पार पालटले आहे. पूर्वी तीन सेलची पत्र्याची लांब नळी असायची आणि तिचा पिवळसर उजेड धुऱ्यापर्यंत पोहोचला तरी समाधान वाटायचे. आता शर्टाच्या खिशात मावणारी, ॲल्युमिनियमची, एकाच जाड सेलवर चालणारी बॅटरी आठवडी बाजारातही मिळते आणि तिचा पांढराशुभ्र झोत शिवारापलीकडच्या झाडाचा शेंडा उजळून टाकतो. हे साधन शेतकऱ्याच्या फार कामाचे आहे, असे माझे मत आहे. परंतु गावोगावी त्याचा पहिला उपयोग इतरांवर छाप पाडण्यासाठी होऊ लागला असून, त्यातून जे घडते आहे त्याबद्दल आपल्या पत्राद्वारे चार गोष्टी मांडाव्यात, असे मनापासून वाटले.

नवी बॅटरी घेतलेल्या मुलाला ती दाखवावीशी वाटणारच. संध्याकाळी पानठेल्याजवळ मंडळी जमली, की कोणाचा झोत पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, कोणाचा देवळाच्या कळसावर टिकतो, याची चढाओढ लागते. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. निळा प्रकाश देणारा एलईडी तयार करण्यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खर्ची घातली, त्यातूनच पुढे पांढरा एलईडी शक्य झाला आणि त्या कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या शोधाचे फळ आपल्या खिशात आहे, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच आहे. टाकी उजळली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते टाकीवरचा झोत फिरत फिरत रस्त्यावरून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर येऊन थांबतो तेव्हा.

कापूस वेचून परतणाऱ्या महिला पांदणीने एकामागे एक येत असतात. डोक्यावर गाठोडे आणि ते सावरायला वर धरलेला हात, त्यामुळे समोरून झोत आला तरी डोळ्यांपुढे हात धरण्याची सोय नसते. पुढची बाई जागीच थांबते, मागची तिच्यावर येऊन आदळते आणि पांदणीच्या चाकोरीत कोणाचा तरी पाय मुरगळतो. अशाच एका सायंकाळी आमच्या गावातील एक वयस्कर काकू म्हणाल्या, “डोयात नोको मारू रे बाबू, पाय कोठं ठेवू मी?” त्या मुलाने बॅटरी लगेच बंद केली. तो वाईट मुलगा नाही. पण उजेड गेल्यावरही काकूंना काहीच दिसेना आणि त्या बराच वेळ तेथेच उभ्या राहिल्या, हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि मला मुलांना समजावून सांगायचे आहे ते नेमके हेच.

अंधारात दिसण्यासाठी आपल्या डोळ्यातील पडद्यावर एक द्रव्य हळूहळू साठत जाते. पुरते अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि प्रखर झोताने ते द्रव्य क्षणात विरून जाते. म्हणजे मुलाच्या दृष्टीने जी दोन सेकंदांची गंमत असते, तिच्यामुळे समोरच्या माणसाची अर्ध्या तासाची कमाई जाते आणि त्याला उरलेली वाट चाचपडतच काढावी लागते. वयस्कर माणसाचे डोळे अंधाराला सरावायला आणखी वेळ घेतात. दुचाकीवरचा माणूस तर थांबेपर्यंत बरेच अंतर आंधळेपणानेच कापतो. बंडीचे बैल अचानक आलेल्या झोताने बिचकतात आणि बिचकलेला बैल कोणत्या अंगाला ओढेल, याचा नेम नसतो. काही बॅटऱ्यांत भराभर उघडझाप करणारा उजेडही असतो आणि मुलांना तो विशेष आवडतो. मिरगीचा आजार असलेल्या काही माणसांना अशा लुकलुकत्या उजेडाने झटका येऊ शकतो, म्हणून तो माणसांवर रोखण्याचा विचारही मनात येता कामा नये. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात. तेथे प्रेक्षकांत, विशेषतः महिला बसतात त्या बाजूला झोत फिरवणे हा तर उघड त्रास देण्याचाच प्रकार आहे आणि आयोजकांनी तो तेथल्या तेथे थांबवला पाहिजे.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ समजला, तर या झोताची ताकद मुलांना नीट कळेल. ‘लुमेन’ म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. जुन्या साठ वॉटच्या बल्बचा उजेड साधारण सात-आठशे लुमेन असे. झोत किती लांब जातो, हा आकडा मात्र वेगळा आहे. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या ‘एफएल १’ या मानकानुसार, जेथे उजेड चौथाई लक्स (लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप) उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका होतो, तेथपर्यंतचे अंतर हा झोताचा पल्ला मानतात. खोक्यावर ४०० मीटर लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ४०० मीटरवर चांदणे पडते एवढाच. परंतु अंतर निम्मे झाले की उजेडाची तीव्रता चौपट होते, या हिशेबाने तोच झोत दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर त्या चांदण्याच्या सोळाशे पट तीव्रतेने पडतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा, एवढा तो सोपा आहे.

अर्थात, खोक्यावरचे सगळेच आकडे खरे असतात असे नाही. चांगल्या बॅटरीचा कमाल उजेडसुद्धा काही मिनिटेच टिकतो. एवढीशी नळी लगेच तापते, म्हणून तिच्यातील यंत्रणा आपण होऊन उजेड उतरवते. हलक्या मालावर तर कशाचाही मेळ नसतो. या बॅटऱ्यांत बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. चांगल्या प्रतीच्या अशा सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलिॲम्पियर-तासांच्या आसपास असते. त्यामुळे ज्या सेलवर ९९०० असा आकडा छापलेला दिसेल, तो सेल घेऊच नये. तेवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही आणि जो विक्रेता आकडा खोटा छापतो, तो सेलच्या सुरक्षिततेत तरी काय राखणार? आवरण फाटलेला सेल वापरू नये. मोकळा सेल किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात टाकू नये, कारण दोन्ही टोके धातूने जोडली गेली तर तो तापून पेट घेऊ शकतो. बॅटरी खिशात दाबली जाऊन आपोआप लागली, तरी कापड करपते. पुष्कळ बॅटऱ्यांचे मागचे झाकण पाव फेरा सैल केले की बटण दाबले तरी उजेड लागत नाही, आणि खिशात ठेवताना ही सवय फार उपयोगी पडते.

आता खऱ्या कामाकडे वळतो. कृषिपंपांना तीन फेजचा पुरवठा आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रात्रीची पाळी आली, की ऐन थंडीत वावरात जाऊन मोटर सुरू करणे, तुषार संचाचे पाइप बदलणे आणि फुटलेले बारे सावरणे ही कामे करावीच लागतात. अशा वेळी लांबचा झोत पाडून चालणारा माणूस दूरचा गोठा पाहतो, पण पायाखालचा घोणस पाहत नाही. डोळे त्या दूरच्या लख्ख ठिपक्याशी बांधले जातात आणि भोवतालचे सगळे अधिकच काळे होते. चालण्यासाठी पन्नास-शंभर लुमेनचा, पसरट आणि मंद उजेड पुरतो. बहुतेक बॅटऱ्यांत ती सोय असते, पण दाखवण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे तिच्याकडे कोणी वळत नाही. बॅटरी कमरेच्या उंचीवर धरून उजेड तिरपा पुढे सोडला, की प्रत्येक ढेकळाला आणि काडीला सावली येते. त्या सावल्यांमध्ये घोणसाचे जाड अंग आणि पाठीवरील साखळीसारखे गडद ठिपके वेगळे ओळखू येतात. तोच उजेड डोक्यावरून सरळ खाली पाडला, तर सावल्या नाहीशा होतात आणि साप मातीत मिसळून जातो. मण्यार तर रात्रीच हिंडते आणि तिच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते, की पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. त्यामुळे गमबूट, हातात काठी आणि पायापुढे उजेड, एवढी तयारी असल्याशिवाय रात्री वावरात पाऊल टाकू नये. दंश झाल्याची शंका आली तरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

जागलीचे, म्हणजे रात्री पिकाची राखण करण्याचे, तंत्र याहून निराळे आहे. रोही (नीलगाय) आणि हरिण यांच्या डोळ्यांत मागे चमकणारा थर असतो, म्हणून बॅटरी गालाजवळ धरून पिकावरून सावकाश फिरवली की त्यांचे डोळे दुरूनच लुकलुकतात. गवतातील कोळ्यांचे डोळेसुद्धा असेच ठिणग्यांसारखे चमकतात आणि नवखा माणूस दवबिंदू समजून त्यांच्याकडे बघत राहतो. रानडुकराच्या डोळ्यांत मात्र तो थर नाही. सर्वांत जास्त नासधूस करणारा प्राणी डोळ्यांच्या चमकेने सापडत नाही, त्यासाठी कान देऊन ऐकावे लागते आणि हलणाऱ्या ओंब्यांवर किंवा ताटांवर लक्ष ठेवावे लागते. ‘माझ्या बॅटरीने अर्ध्या शिवारातले दिसते’ असे सांगणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट जुन्या जागल्यांकडून समजून घ्यावी.

आमच्या तालुक्याच्या आसपास उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर आणि ताडोबा ही वाघांची जंगले आहेत आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारे वाघ शिवारांतूनही जातात. हातात जोरदार बॅटरी आली, की एकट्याने रात्री जाण्याचे धाडस वाढते आणि ‘मी जाऊन पाहतो’ असे म्हणून मित्रांपुढे पुढे होणारेही असतात. उजेडाने वाघ पळेलच, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. वाघ दिसल्याची खबर असलेल्या शिवारात रात्री जाऊच नये, आणि जाणे टळतच नसेल तर सोबतीने, बोलत-आवाज करत जावे. त्याचप्रमाणे रस्त्यावर वाहन थांबवून कडेच्या जनावरावर झोत रोखणे आणि त्याचे चित्रीकरण करणे हा प्रकार पर्यटकांनी आणि आपल्या गावच्या मुलांनीही सोडून द्यावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात प्राण्यांना छळणे हा गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरही झोताने दिपलेले जनावर रस्त्यातच खिळून उभे राहते आणि मागून येणाऱ्या वाहनाखाली येते.

छाप पाडायचीच असेल, तर तिला या साधनाने भरपूर वाव दिला आहे. रात्री डीपीजवळ दुरुस्तीचे काम चालले असेल, तर वायरमनच्या हातांवर उजेड धरून निश्चल उभे राहावे. गाय विण्याला आली असेल तर मंद उजेड भिंतीवर पाडून गोठा उजळवावा, म्हणजे जनावर बावरत नाही. पांदणीने येणाऱ्यांची चाहूल लागली, की आपला झोत त्यांच्या पायापुढे खाली टाकावा. असे करणाऱ्या मुलाचे नाव गावात आपोआप निघते आणि म्हातारी माणसे त्याला हाक मारून सोबत बोलावतात, हे मी पाहिले आहे.

काही गोष्टी मात्र मुलांच्या हातातल्या नाहीत. बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराने मंद उजेडाचे बटण कोणते आणि झाकण सैल कसे करायचे, हे गिऱ्हाइकाला दाखवूनच माल द्यावा. खोटे आकडे छापलेले सेल बाजारात उघड विकले जातात, त्यांची तपासणी वजनमापे विभागाने आणि ग्राहक संघटनांनी मनावर घ्यावी. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून राबवली जात आहे. ती प्रत्येक फीडरपर्यंत, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या प्रत्येक वाहिनीपर्यंत, पोहोचली, तर रात्रीचे ओलितच संपेल आणि ते व्हायलाच हवे. तोपर्यंत शेतकऱ्याला अंधारात उतरावे लागणार आहे. म्हणून हरभरा आणि गव्हाच्या ओलिताचा हंगाम संपेपर्यंत आपल्या कृषीविषयक पानावर रात्री वावरात जाताना घ्यावयाची काळजी, सर्पदंशावर उपचार मिळणारी तालुक्यातील रुग्णालये आणि वन विभागाचे मदत क्रमांक दर आठवड्याला ठळकपणे छापावेत, अशी आपणास कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा