‘कसे जाल?’च्या चौकटीत परतीची गाडीही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या रविवारच्या पुरवणीत धबधबे, लेणी, किल्ले यायला लागतात. मी ते आवडीनं वाचते, कात्रणंही ठेवते. तक्रार आहे ती लेखाच्या तळाशी असणाऱ्या ‘कसे जाल?’ या चौकटीबद्दल. मजकूर ठरलेला: पुण्यापासून इतके किलोमीटर, द्रुतगती मार्गावरून अमुक ठिकाणी बाहेर पडा, पायथ्याशी गाडी लावायला जागा आहे. ज्यांच्या दारात चारचाकी नाही त्यांनी काय, खिडकीतून पाऊस बघायचा? आणि परत कसं यायचं, हे तर कधीच नसतं. गाडीवाल्यांना तो प्रश्न पडत नाही. आमची सहल मात्र ठरते तीच परतीच्या गाडीवरून.

मी चिंचवडला राहते, टपाल खात्यातून निवृत्त झाले. नोकरीतल्या आम्ही चौघी मैत्रिणी पावसाळ्यात हटकून बाहेर पडतो, लोणावळा लोकलनं. आमचं हक्काचं स्टेशन मळवली. उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा आणि भाजे गावाची वाट धरायची. पुलाखाली लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग खोळंबलेली असते. ती बघून चौघींपैकी कुणीतरी काहीतरी खवचट बोलतंच, त्याशिवाय पूल संपत नाही.

भाजे लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, एकूण २२. चैत्यगृहाची, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाची, पुढची लाकडी बाजू कधीच नाहीशी झालेली, त्यामुळे आत झुकलेल्या अष्टकोनी खांबांपाशी उभं राहिलं की कड्यावरून सुटणारं पाणी थेट समोर दिसतं. आमच्यातल्या एकीचे गुडघे कुरकुरतात, तिचा मुक्काम इथेच. बाकीच्या तिघी, अंगात जोर असेल तर, गायमुख खिंडीतून लोहगडाकडे निघतो. खिंडीच्या एका अंगाला लोहगड, दुसऱ्याला विसापूर. वर वाऱ्यात छत्रीचा उपयोग शून्य, ती पहिल्याच झोताला उलटी होते. पायऱ्यांवरचं शेवाळ बघूनच पाऊल टाकावं लागतं. ज्यांना गडाचा चढ नको त्यांनी मळवलीहून विरुद्ध दिशेला कार्ल्याला जावं. तिथल्या चैत्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. एकवीरेच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे त्या रस्त्याला रिक्षाही मिळतात.

आता यातलं चौकटीत काय हवं ते सांगते. मुंबईसारखी पाच-पाच मिनिटांनी लोकल आपल्याकडे नाही. दुपारी तर दोन गाड्यांमध्ये मोठा खंड पडतो. तो माहीत नसला की माणूस भिजलेल्या कपड्यांनी फलाटावर कुडकुडत बसतो. म्हणून आम्ही आधी परतीची लोकल धरतो, मग तिच्यापासून मागे मोजत येतो: स्टेशनला अर्धा तास आधी पोचायचं, म्हणजे लेण्यांवरून कधी निघायचं, म्हणजे गडावर किती वेळ मिळतो. मिळत नसेल तर गड पुढच्या खेपेला. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवतो, कारण संध्याकाळी मळवलीच्या खिडकीवर झुंबड असते. पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि सुटे. मोबाइल भिजला किंवा रेंज गेली की कणीसवाल्या मावशींना तुमचं ऑनलाइन पेमेंट काय कामाचं?

आणखी एक गोष्ट आपले लेखक विसरतात. पुण्याच्या आभाळावरून मावळाचा पाऊस कळत नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. चिंचवडला ऊन असतं आणि कामशेत मागे पडेपर्यंत डब्याच्या खिडक्या पटापट बंद व्हायला लागतात. हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, आपण बघायचा तो. रेड अलर्ट असेल तर घरीच भजी तळावीत. लोकलची जमेची बाजू अशी की ती लोणावळ्यालाच थांबते, बोरघाटात उतरत नाही. घाटात दरड आली तरी आमची वाट सहसा थेट बंद होत नाही, मात्र मेल-एक्स्प्रेस अडकल्या की उशीर ठरलेला.

गाडी घरी ठेवली म्हणून गर्दी कमी होते असं मात्र मी म्हणणार नाही. जुलै २०२३ मध्ये लोहगडावर माणसांचीच कोंडी झाली होती, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. आता गड जागतिक वारसा यादीत गेलाय, लोक वाढतीलच. निवृत्तांनी, सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्यांनी आठवड्यातला मधला दिवस निवडावा. आणि पाण्यात उतरण्याचा मोह सगळ्यांनीच टाळावा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात काही ठिकाणी मनाई आदेश काढतं, ते आपण आतल्या पानावर छापता. त्याच आठवड्यात पुरवणीत त्याच धबधब्याचा अर्धपानी फोटो! दोन्ही विभागांनी एकमेकांशी जरा बोलावं, ही विनंती.

जिथे संध्याकाळी परतीची एकच एसटी आहे, तिथे ‘एसटीची सोय आहे’ एवढंच लिहून सोडू नका. ती एक चुकली तर काय, हेही लिहा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे आमच्यासारख्या पुष्कळजणी निघायला तयार आहेत. अडतं ते वेळांपाशी. सिंहगडासाठी स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे, हे माझ्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना मीच सांगितलं.

चौकट मोठी करायला नको. वाहनतळाच्या दोन ओळी काढल्या की जवळचं स्टेशन किंवा थांबा, तिथून चालायचा वेळ, परतीच्या शेवटच्या दोन गाड्या आणि मनाई आदेश आहे की नाही, एवढं सहज मावेल. फक्त गाड्यांच्या वेळा पुरवणी छापायला जाते त्या आठवड्यात तपासून घ्या. गेल्या वर्षीच्या तशाच चिकटवू नका.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, चिंचवड