गाण्यामागच्या वादकांचीही नावे यावीत

महोदय,

एकोणीसशे साठच्या दशकातील अमेरिकी पॉप संगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात गायकांचे कौतुक भरभरून असते. वादकांचा उल्लेख मात्र अभावानेच आढळतो. डेट्रॉइटच्या मोटाऊन या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचेच उदाहरण घ्यावे. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात थाटलेल्या स्टुडिओत, रात्री शहरातील क्लबांमध्ये जॅझ वाजवणारी मंडळी दिवसा ध्वनिमुद्रणाला बसत आणि ‘फंक ब्रदर्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या याच वादकांनी सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स या गायकसमूहांच्या गाण्यांना तो चटकन ओळखू येणारा ठेका दिला. बेस गिटारवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तारा छेडत, तरीही त्यांचा बेस नुसता ताल धरून न थांबता गायकाच्या सुरावटीला समांतर अशी स्वतःची चाल गुंफत जातो. माझ्या मते त्या गाण्यांतील खरी कारागिरी तीच आहे. असे असूनही वर्षानुवर्षे मोटाऊनच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर या वादकांची नावे छापली जात नसत. गायक मार्विन गे यांच्या १९७१ च्या अल्बमवर ती झळकली, तोवर ते दशक सरले होते. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. जेमर्सन १९८३ मध्ये वारले. नामवंत संगीतकारांचा गौरव करणाऱ्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने त्यांची दखल घेतली ती २००० मध्ये. आपल्या पुरवणीत अशा वादकांवर सविस्तर लेखन यावे आणि गाण्यांविषयी लिहिताना गायकाच्या जोडीने वादकांची नावे देण्याचा पायंडा पाडावा, ही विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे