दोस्ता, कंपनीत यायच्या आधी हे वाच

प्रिय दोस्ता,

कसायस बे. तुझा मेसेज परवा रात्रीच बघितला, पण तेव्हा उमरग्याच्या पुढं होतो आणि नंतर म्हणलं हे दोन ओळीत सांगायचं काम नाही. आता वेळच वेळ आहे. हैदराबादजवळ पटानचेरूला एका गोडाऊनच्या गेटबाहेर लायनीत उभाय, काल दुपारी ३ ला आलो, आता सकाळचे ९ वाजलेत, म्हणजे १८ तास झाले. माझं टोकन ३७ आणि आत २१ नंबरची गाडी खाली व्हायलीय. म्हणून पत्रच लिहायला घेतलं, तू चहा घेऊन बस.

तू विचारलंस की तुमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रक ड्रायव्हरच्या जागा निघाल्यात, येऊ का. गळीत हंगाम संपला, ट्रॅक्टर आता दिवाळीपर्यंत शेडात, घरी बसून काय करू, असं तुझं म्हणणं. बरोबरच आहे. आणि जाहिरातीत ‘महिना ३५ ते ४० हजार’ लिहिलंय. मी पण तेच बघून आलतो, खोटं कशाला बोलू.

तर पहिलं ते ३५ हजाराचं सांगतो. पगार बांधलेला आहे १३ हजार. त्यावर किलोमीटरमागं अडीच रुपये भत्ता, आणि जेवणखाण सगळं त्या भत्त्यातनंच. आता तूच हिशोब कर, ३५ हजार व्हायला भत्त्याचे २२ हजार पाहिजेत, म्हणजे ८,८०० किलोमीटर. महिन्यात २६ दिवस धरले तर रोज ३४० च्या आसपास. ऐकायला काय, सोलापूर ते हैदराबाद ३०० च्या वर आहे, आठ तासात माणूस आरामात नेतो, मलापण तसंच वाटलतं. पण गाडी रोज पळते कुठं बे? गाडी उभी असते. मी दोन वर्षात एकदाच ८ हजाराच्या वर गेलो, त्या महिन्यात घरी किती वेळा आलो ते तुझ्या वहिनीला विचार.

गेल्या महिन्याची स्लिप माझ्याजवळ आहे, बघून सांगतो. किलोमीटर ६,२००, त्याचे १५,५०० आणि पगार १३ हजार, झाले २८,५००. आता कटिंग. पीएफ १,५६०. डिझेल २१ लिटर कमी दाखवलं त्याचे १,८९०. टॉवेलची गाठ भिजली त्याचे १,२५०. पोच पावती ऑफिसला उशिरा जमा केली म्हणून ५००. उचल ५,०००, ती तर रस्त्यातच जेवणात आणि वाराईत, म्हणजे माल उतरवायच्या हमालीत गेलेली. हातात आले १८,३००. आणि त्या महिन्यात मी २५ रात्री गाडीत झोपलोय.

त्या भिजलेल्या गाठीचं सांगतोच, कारण ते मला अजून पचलेलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेल भरले, अवकाळीचे दिवस, आणि आमच्या ताडपत्रीला मागच्या कोपऱ्यात वीतभर भोक. तीनदा सांगितलतं सुपरवायझरला, दोनदा तोंडी, एकदा व्हॉट्सॲपवर फोटो काढून. ‘पुढच्या खेपेला बदलू’ म्हणला. हुमनाबादच्या पुढं रात्री पावसानं गाठलं, मी गाडी साईडला घेऊन माझीच चादर, आपली जेकार्डची लग्नातली, भोकात कोंबली आणि वरनं दोरी आवळली. तरी एक गाठ ओली झालीच. माल घेणाऱ्या पार्टीनं ती परत दिली आणि पैसे माझ्या नावावर. फोटो दाखवला तर मॅनेजर काय म्हणावा, चादर लावायची होती तर आधीच लावायची. मी काही बोललो नाही. खाली उतरून टायरला लाथ मारली, पायच दुखला.

आता मेन गोष्ट, उभं राहण्याची. त्यासाठी मी जानेवारीपासून वही ठेवलीय, पोरीची जुनी शंभर पानी. कधी पोचलो, कधी आत घेतलं, कधी सुटलो, एवढंच लिहितो. त्यातली एक खेप सांगतो. मंगळवारी रात्री ९ ला सोलापुरातनं निघालो, बुधवारी सकाळी ६ ला गेटवर. गाडी खाली होऊन बाहेर पडलो गुरुवारी रात्री ११ ला. ४१ तास. भत्ता किती, ३०० किलोमीटरचे ७५० रुपये. रस्त्याचे ९ आणि गेटचे ४१ मिळून ५० तास धर, तासाला १५ रुपये पडले. मार्केट यार्डात कांदा निवडणारी बाई याच्यापेक्षा जास्त घेऊन जाते.

आणि उभं राहणं म्हणजे आराम असतो असं लोकांना वाटतं. तुझ्या वहिनीला पण सुरुवातीला वाटायचं, झोपला असशील की निवांत. गाडी सोडून लांब जाता येत नाही, डिझेल काढतात, बॅटरी काढतात, आणि गेली तर कटिंग आपल्याला. लाईन एक गाडी पुढं सरकली की आपण पण सरकायचं, नाहीतर मागचा घुसतो. रात्री २ ला सरकते, ४ ला सरकते. इथं आत ड्रायव्हरला संडासला जाऊ देत नाहीत, गार्ड म्हणतो स्टाफचा आहे. मग समोरच्या ढाब्यावर जायचं, तो म्हणतो आधी जेवा. म्हणजे संडासला जायला पण जेवण घ्यावं लागतं बघ. हसू नको, काल दोनदा जेवलोय.

आपल्या गड्ड्याच्या जत्रेला पण मी असाच कुठल्यातरी गेटवर होतो. पोरीनं पाळण्यातनं व्हिडिओ कॉल केला, वरनं होम मैदान दिसतंय का पप्पा म्हणून. दिसत काहीच नव्हतं, नुसते लाईट आणि तिची किंकाळी. हो म्हणलं.

याच्यात सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच आहे. गाडी थांबली त्याचे पैसे कुणीच देत नाही असं मी समजत होतो. एकदा ऑफिसात पावती द्यायला गेलो तर क्लार्कच्या टेबलावर त्याच ४१ तासांच्या खेपेचं बिल पडलेलं, आणि त्यात लिहिलेलं हॉल्टिंग १ दिवस, १,५०० रुपये. पहिले २४ तास फ्री, पुढचं चार्जेबल, असा पार्टीशी करारच असतो म्हणे. म्हणजे मी उभा राहिलो त्याचे पैसे आले, कंपनीला आले. गाडीचं भाडं बुडालं म्हणून घेतात, ते मान्य, गाडीला हप्ता असतो, इन्शुरन्स असतो. पण गाडीत मी पण होतो ना बे.

आणि कागदाचा काटा मात्र कधी थांबत नाही. माल नेताना जीएसटीचं ई-वे बिल लागतं, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस धरून निघते. बंगळुरूच्या खेपेला एकदा बिल दुपारी निघालं आणि माल भरून व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, तो गेलेला दिवस कुणी भरून काढायचा, तर ड्रायव्हरनं. ‘रात्रीत मार, बिल संपतंय.’ ऑफिसवाले जीपीएसवर बघत बसतात, गाडी अर्धा तास थांबली की फोन. एकदा पहाटे ३ ला विजापूरच्या पुढं गाडी लावून डोळा लागलेला, तर फोन, गाडी का उभीय. मी म्हणलं झोपलोय. तो म्हणतो, किती वेळ? आता झोपलेल्या माणसाला किती वेळ म्हणून विचारतात का. पण हेच लोक मी गेटवर ४१ तास उभा होतो तेव्हा एकदा पण फोन करून का उभीय म्हणून विचारत नव्हते.

कायद्याचं पण सांगतो, तुला आवड आहे. चलनाच्या तारखेला कोर्टात गेलतो, तिथं एका वकिलाशी ओळख झाली, भला माणूस, त्यानं समजावलं. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा १९६१ चा, दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८, लांबच्या गाडीला १० पर्यंत, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, असं त्यात होतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड आलेत, हे जुने कायदे त्यात घेतलेत. मी विचारलं, गेटवरचं थांबणं कामात धरायचं का? तो म्हणला, जुन्या कायद्यात लिहिलंय की कामगार मालकाच्या हुकमात असतो तो सगळा कामाचा वेळ, आणि खाली लिहिलंय की स्टँडवर नुसतं थांबणं १५ मिनिटांच्या आतलं असलं तर ते पण धरायचं. १५ मिनिटं! दोघं पण हसलो. ज्यानं ते लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर एसटी असणार, पटानचेरूची लाईन नसणार.

उगाच सगळं वाईटच आहे असं पण नाही. पगार १० तारखेच्या आत येतो, एकदा पण चुकला नाही. आधी मी ज्या एका गाडीच्या मालकाकडं होतो तो आपल्या ताटातली भाकरी मोडून द्यायचा, पण पैसे द्यायला तीन तीन महिने. आईच्या ऑपरेशनला इथल्या मोठ्या शेठनी ४० हजार उचल एका फोनवर दिली, महिन्याला दोन दोन हजार करून कापली. ते मी विसरणार नाही. आणि त्याच्यामुळंच वीस महिने तोंड उघडता आलं नाही, हे पण खरं. उचल फिटेपर्यंत माणूस वाकूनच असतो.

नवीन गाड्या आल्यात दोन, एसी केबिनच्या. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी आहे ना. आपल्या सोलापूरच्या एप्रिलमध्ये इंजिनच्या शेजारी बसून गाडी चालवलेल्या माणसाला विचार एसी काय असतो. पण आमच्या ऑफिसनं एसीचं वेगळं डिझेल धरलेलं नाही, ॲव्हरेज जुनंच. लावला की ॲव्हरेज पडतं, पडलं की कटिंग. त्यामुळं ती पोरं एसी असून पण काचा खाली करूनच चालवतात. जुना गडी म्हणून मला एक गाडी देतो म्हणालेत, बघू.

फेब्रुवारीत मी आणि दोन ड्रायव्हर वही घेऊन मॅनेजरकडं गेलो. तो आधी चिडला, मग पानं चाळत बसला, बराच वेळ. शेवटी म्हणला २४ तासांच्या पुढं दिवसाला ३०० देऊ. लिहून द्या म्हणलं तर म्हणतो, माझा शब्द आहे की. मार्चमध्ये माझे असे ३ दिवस झाले, मिळाला १ दिवस. बाकीचे दोन ‘पार्टीनं पास केले नाहीत’. तरी ३०० मिळाले, आधी ते पण नव्हते. २०२४ च्या १ जानेवारीला त्या हिट अँड रनच्या १० वर्षाच्या शिक्षेच्या कलमाविरुद्ध गाड्या उभ्या केल्या तेव्हा दोन दिवसात पंपावर रांगा लागल्या, तू पण बाटली घेऊन उभा होतास आणि मला शिव्या देत होतास. शेवटी ते कलम १ जुलैला लागू केलंच नाही. पण तेव्हा मालक पण आपल्या बाजूनं होते. या ३०० साठी कोण उभं राहणार.

तर तुझं. यायचंच असलं तर ये, मी अडवणार नाही, तुझ्यावर पण सोसायटीचं कर्ज आहे. पण ओरिजनल लायसन ऑफिसात जमा करू नको. डिपॉझिट म्हणून मागतील, गोड बोलून मागतील, झेरॉक्स दे. रस्त्यात डिजीलॉकरमधलं चालतं असं म्हणून ते ओरिजनल ठेवून घेतात, पण नोकरी सोडायच्या दिवशी ते परत मिळवायला चकरा कोण मारणार. पीएफचं पासबुक दर महिन्याला मोबाईलवर उघडून बघ, माझे कापलेले ४ महिने जमाच नव्हते, विचारल्यावर दोन भरले, दोन अजून यायचेत. ताडपत्री, स्टेपनी, जॅक हे ताब्यात घेताना फोटो काढ आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाक, एकट्या सुपरवायझरला नको. आणि हॉल्टिंगचं पहिल्या दिवशीच विचार, सगळ्यांसमोर, मॅनेजरला. तुझ्या विचारण्यानं मला पण बरं पडेल, तेवढा माझा स्वार्थ आहे त्यात.

तू हंगामात रात्री कितीही उशीर झाला तरी घरी येऊन झोपतोस. त्याची किंमत मी काढून बघितली नाही, तू काढ. आमच्या वहिनीला, तुझ्या बायकोला विचारून काढ.

सोमवारी मी सोलापुरात असेन, निघालो तर. बोरामणी नाक्यावर ये संध्याकाळी, स्लिप आणि वही दोन्ही दाखवतो, आणि आईनं तुझ्यासाठी शेंगाचटणी करून ठेवलीय ती घेऊन जा. ती डब्याचं सारखं विचारायलीय, मागचे दोन डबे तुझ्याकडंच आहेत.

आता १० वाजले. २३ नंबर आत गेला. पुढचा ड्रायव्हर हात करायलाय, सरकायला पाहिजे.

तुझाच,
३७ नंबरवाला