गच्चीवरच्या एका तारेबद्दल

दि. 8 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे

विषय : गच्चीवर हॅम रेडिओची (हौशी बिनतारी संवादाची) अँटेना बांधण्याच्या परवानगीबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या सभेत माझा अर्ज वाचला गेला, तीन-चार जण एकदम "टॉवर नको" म्हणाले आणि चहा आला. टॉवर मलाही नको आहे. मी मागतोय ती एक तार, कपडे वाळत घालतो त्या दोरीहून बारीक. सभेत हे सांगायला सवड मिळाली नाही, म्हणून हे पत्र.

आपण जुन्या इमारतीपासूनचे शेजारी. तिथे माझी तार वीस-बावीस वर्षं गच्चीवर होती. रिडेव्हलपमेंटला निघालो तेव्हा ती गुंडाळून गोणीत भरली, भाड्याच्या घरांच्या माळ्यांवर फिरवली आणि आता नव्या घरातही ती पलंगाखाली आहे. हॅमचं लायसन्स मी 1984 मध्ये काढलं. दिल्लीच्या दूरसंचार खात्याचं असतं ते. रेडिओच्या विषयाची परीक्षा आणि मोर्सची, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीची, कट्ट-कडकट्ट दोन्ही द्यावी लागली. बाहेरचा सेट परवडण्यासारखा नव्हता. जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारून लष्करी भंगारातला 807 नंबरचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) मिळवला, त्याच्यावर पहिला ट्रान्समीटर बांधला. शेजारच्या खोलीत आई म्हणायची, "हा भिंतीशी बोलतो." (भिंतीने उत्तर दिलं ते नागपूरहून.)

आता एक कबुली, कारण दुसरं कोणी सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी. 1996 च्या वर्ल्ड कपच्या दिवसांत तळमजल्यावरच्या काकांच्या टीव्हीवर पट्टे आले आणि समालोचकाच्या जागी माझा आवाज आला. काका काठी घेऊनच वर आले. दोष निघाला त्यांच्या अँटेनाच्या बूस्टरमध्ये. जवळच्या ताकदवान लहरींनी तो गुदमरायचा. पाच-सहा वेटोळी घालून मी त्यांना एक फिल्टर करून दिला, पट्टे गेले. आता कोणाकडे तसा बूस्टर नाही. डिशचे सिग्नल माझ्या लहरींच्या हजार पटींहून जास्त वारंवारतेवर असतात. तरीही कोणाच्या टीव्हीत, स्पीकरमध्ये किंवा इंटरकॉममध्ये खरखर आली, तर ती माझी जबाबदारी. तारेवर चढवून खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या माझ्याकडे डबाभर आहेत.

उलट त्रास मात्र चालू आहे आणि त्याची तक्रार मी केलेली नाही. आपली लिफ्ट हलली की माझ्या रेडिओत दळण चालू होतं. जिन्यातले स्वस्तातले एलईडी दिवे तर रात्रभर कुरकुरतात.

अँटेना कशी असेल ते लिहितो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला फायबरची एक काठी, वरचं टोक गच्चीच्या फरशीपासून 30 फुटांवर. तिथून तारेचे दोन पाय उलट्या व्हीसारखे दोन बाजूंना खाली येतील, प्रत्येकी 33 फूट. लांबी अशी ठरते : मी बोलतो ती 7.1 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 42 मीटरची, अँटेना तिच्या निम्मी लागते, त्यातून थोडी कमी, म्हणजे दोन्ही पाय मिळून 20 मीटर (66 फूट). टोकं फरशीपासून 12 फुटांवर संपतील, पुढे नायलॉनची दोरी कठड्यापर्यंत. टोकं उंच ठेवायचं कारण आहे. बोलताना तिथे विजेचा दाब सर्वांत जास्त असतो आणि हात लागला तर चटका बसतो. गच्ची 86 फूट आहे, मी मोजली. दोऱ्यांसकट अँटेनाला 80 लागतील. पापड-कुरडया आणि पतंग यांना जागा राहील, फक्त संक्रांतीला मांजा अडकणार, तो मी सोडवीन. फरशीत एकही खिळा ठोकायचा नाही, वॉटरप्रूफिंगला धक्का नाही. केबल डक्टमधून चौथ्या मजल्यावर येईल.

रेडिएशनबद्दल विचारलं गेलं. माझा सेट 100 वॅटचा, आणि तोही बोलतो तेवढाच वेळ. बाकी तास-दोन तास मी नुसता ऐकत असतो. गच्चीवर उभ्या माणसाच्या डोक्यापासून तार सहा फूट लांब राहील. कुणाला शंका असेल, तर गच्चीवर लोक असताना मी प्रसारण करणार नाही, हे लेखी देतो. विजेचं म्हणाल, तर टाकीवरचा लाइटनिंग अरेस्टर माझ्या काठीपेक्षा उंच आहे, आणि आभाळ गडगडायला लागलं की केबल सेटवरून काढून ठेवायची, ही माझी जुनी सवय.

किल्लारीचं सांगायचं मनात नव्हतं, पण सभेत "आता मोबाइल असताना याचं काम काय" असा प्रश्न आला. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाची रात्र सरत होती, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. त्या भागातले फोन गेले. पुढचे दिवस लातूर-उस्मानाबादच्या बाजूने हॅम लोक निरोप देत होते, औषधं काय हवीत, कोण कुठे आहे. मी पुण्यात वही घेऊन बसायचो, निरोप उतरवून घ्यायचो आणि पत्ते शोधत सायकलवर जायचो. सगळे निरोप चांगले नव्हते. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचे निरोप त्यांनी त्याच सेटवरून पाठवले. असं रोज होत नाही, होऊ नये. रोज मी सकाळी नागपूर-गोव्याकडच्या मंडळींशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. मला तेवढं पुरतं.

घाई का, तेही सांगतो. दूरच्या लहरी परतवणारा आकाशातला थर सूर्यावरच्या डागांवर अवलंबून असतो, आणि ते सुमारे 11 वर्षांच्या फेऱ्याने वाढतात-घटतात. या फेऱ्याचा उच्चांक नुकताच सरला, उतार सुरू झालाय. पुढच्या वेळी मी ऐंशीच्या घरात असेन.

तीन महिने प्रायोगिक परवानगी द्यावी. एका जरी घराचा त्रास सुटायचा राहिला, तर मीच तार उतरवीन.

येत्या रविवारी सकाळी आठला समितीने चौथ्या मजल्यावर यावं. बाल्कनीत तात्पुरती तार टाकून ऐकवतो. फक्त जिन्याने यावं ही विनंती, लिफ्ट चालू असली की काही ऐकू येत नाही.

आपला,
सभासद, सदनिका क्र. 403

सोबत : लायसन्सची प्रत, गच्चीचा नकाशा